चौदावी ओळ

माझ्या भावाला त्याचं गाव मी मिळवून दिलं आणि एकवीस वर्षांनी मीच ते काढून घेतलं. आमच्या मॅकाय शहरात आता ही गोष्ट ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, आणि जो तो पदरचं काहीतरी घालून सांगतो. म्हणून एकदा मीच सांगते.

मी रोवीना वारो. वय अडुसष्ट. उभा जन्म शाळेच्या वाचनालयात नोकरी केली, लग्न केलं नाही. माझा भाऊ मर्विन माझ्याहून तीन वर्षांनी लहान, साखर कारखान्यात फिटर होता. आमचे आजोबा टॉमी वारो. ऊस तोडायला समुद्रातल्या बेटांवरून जहाजं भरभरून माणसं इथं आणली, त्यांतले एक. कुणाला फसवून आणलं, कुणाला किनाऱ्यावरून सरळ उचललं, कुणी कापड आणि कोयता मिळेल म्हणून आपल्या पायांनी चढलं. आजोबा यांतल्या कुठल्या प्रकारात मोडत होते, देव जाणे. पुढे सरकारनं बहुतेकांना परत पाठवलं. जे राहिले त्यांची आम्ही नातवंडं. आजोबा गेले तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते. "तुझा बाप कुठला?" असं कुणी विचारलं की बाबा नुसता हात करायचे. पूर्वेकडे, अख्ख्या समुद्राकडेच.

त्या हाताची मला लहानपणी लाज वाटायची. वर्गातली माल्टाची पोरंसुद्धा आपल्या गावातल्या चर्चचं नाव सांगायची. आमच्याकडे आजोबांचा एक सरकारी दाखला तेवढा होता, इथं राहायची परवानगी दिल्याचा. त्यावर त्यांचं नाव, मळेवाल्याचं नाव आणि ते इथं आले ते साल, १८९१. बेटाच्या जागी 'साउथ सी' असं लिहिलेलं. म्हणजे पुन्हा तोच हात.

२००३ साली रजा काढून, सतरा तास बसमध्ये बसून मी ब्रिस्बेनच्या दप्तरखान्यात गेले. जहाजांच्या नोंदवह्या तेव्हा हातात देत नसत, त्यांची मायक्रोफिल्म बघायची. खोक्यातून रीळ काढायचं, दांडीवर चढवायचं, फिल्मचं टोक काचेखालून ओढून पलीकडच्या रिळात अडकवायचं आणि मूठ फिरवत बसायचं. पडद्यावर पानं सरकत राहतात. करडी, ओरखडलेली, मधूनच एखादं उलटं. दुपारपर्यंत मळमळायला लागायचं. चौथ्या दिवशी एका पानावर दिसलं: वारो, वय सोळा. मळेवाला तोच, साल तेच. आणि त्याच ओळीत उजवीकडे: बेट ओबा, गाव लोलोवीरा.

मी मूठ सोडून दिली आणि तोंडावर हात धरून रडले. शेजारच्या यंत्रावरच्या बाईंनी मला एक रुमाल दिला. त्यांना सवय असावी.

निघताना आंटी डल्सीनं मला एक काम सांगितलं होतं. डल्सी हॅरी आमच्याच चर्चमधली, बाबांच्या ओळखीतली. तिचे आजोबा हॅरी टारी आमच्या आजोबांच्याच जहाजातून आले, असं दोन्ही घरांत सांगायचे. "तुझ्या आजोबाचं बघशील तेव्हा माझ्या आजोबाचंही बघ गं पोरी," ती म्हणाली होती. टारी बरोब्बर खालच्याच ओळीत होते, पंधराव्या. वय अठरा. पण बेटाच्या आणि गावाच्या रकान्यांत नुसती एक आडवी रेघ होती.

परत आल्यावर मी तिला तसं सांगितलं.

"रेघ?" ती म्हणाली. "रेघ म्हणजे काय?"

"म्हणजे कारकुनानं विचारलं नाही, किंवा त्यांनी सांगितलं नाही."

"त्यांनी सांगितलं असणार," डल्सी म्हणाली. "लिहायचा कंटाळा केला असेल मेल्यानं." मग ती चहा टाकायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

पुढच्या वर्षी मी आणि मर्विन लोलोवीराला गेलो. ओबाला आता अंबाए म्हणतात. तिथली राजधानी पोर्ट व्हिला, तिथून लहान विमान, मग ट्रक, मग चालत. गावचा मुखिया गराए तेव्हा पन्नाशीचा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आमच्या पणजोबांच्या धाकट्या भावाला खालच्या किनाऱ्यावरून नेलं होतं, तो परत आला नाही, हे आम्हाला पाठ आहे. फक्त त्याचं नाव वारो नव्हतं. टारी होतं.

हे मी लपवत नाही. तो तसं म्हणाला, आणि मी काय उत्तर दिलं तेही मला आठवतं. मी म्हटलं, "गोऱ्यांनी ऐकलं तसं लिहिलं. आणि टारी काय, इथं दर दुसऱ्या माणसाचं नाव आहे." ते खरंही होतं. गराएनं मान हलवली. कागद माझ्या हातात होता आणि कागदाला तो मान देत होता.

मर्विनला त्यांनी हरवलेल्या मुलाचं नाव दिलं. डुकरं मारली, चटया वाटल्या, गावाच्या वरच्या अंगाला जमिनीचा एक तुकडा दिला. केळीच्या पानात भाजलेलं कंदांचं लापलाप खाताना माझा भाऊ, ज्याला मी कारखान्यातल्या शिव्यांशिवाय दुसरं काही बोलताना ऐकलं नव्हतं, तो ओक्साबोक्शी रडला. घरी आल्यावर डल्सी हसत म्हणाली, "माझ्या आजोबाचं नाव घेऊन आलास की रे!" आम्हीही हसलो. त्या वेळी माझ्या मनात काही आलंच नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. काहीतरी आलं, आणि मी ते बाजूला सारलं.

त्यानंतर मर्विन दरवर्षी ऊसगाळप संपलं की दोन महिने तिकडे जायचा. गावात पाण्याच्या टाक्या बसवल्या, शाळेचं छप्पर केलं. ज्वालामुखीमुळे अख्खं बेट रिकामं करावं लागलं तेव्हा यानं इथून ताडपत्र्यांचा कंटेनर पाठवला. पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायला हवी. २०१५ साली त्याचा मुलगा केल्विन सरिनाच्या रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेला. चोवीस वर्षांचा. त्याची आई केव्हाच सोडून गेलेली, मर्विनला तो एकच. त्याची राख मर्विननं लोलोवीराला नेली आणि गराएच्या वाडवडिलांच्या शेजारी, फणसाच्या झाडाखाली पुरली. मला म्हणाला, "इथं कुणीही कबरीवरून रस्ता काढील. तिथं तो आपल्या माणसांत राहील."

हे सगळं पक्कं होऊन बसलं होतं. निवृत्त झाल्यावर मी दर मंगळवारी शहराच्या वाचनालयात बसायला लागले. आमच्या लोकांना आपापल्या घराण्याचा शोध कसा घ्यायचा ते शिकवायचं, फुकट. गेल्या वर्षी मार्चमध्ये दप्तरखान्यानं त्या सगळ्या नोंदवह्यांचे नवे रंगीत फोटो इंटरनेटवर टाकले. आता बस नको, रीळ नको, घरबसल्या पान उघडायचं आणि हवं तेवढं मोठं करायचं. त्या मंगळवारी सातजण आले होते. मी मोठ्या उत्साहानं नमुना म्हणून आमचंच पान भिंतीवरच्या पडद्यावर लावलं.

"हे माझे आजोबा," मी म्हटलं. "चौदा नंबर."

बोवेनहून आलेली एक बाई होती, आयलीन नावाची. पहिल्यांदाच आलेली. तिनं हात वर केला. "आंटी, एक विचारू? डावीकडे चौदा लिहिलंय, मग त्याच ओळीत उजवीकडे पंधरा का लिहिलंय?"

मी वळून पडद्याकडे पाहिलं.

फिल्मवर पानाची उजवी कड कधी आलीच नव्हती, कापली गेली होती. रंगीत फोटोत ती होती. तिथं लाल शाईत पुन्हा ओळींचे आकडे होते. पानाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत चिकटपट्टीचा पिवळा पट्टा होता, करड्या फिल्मवर कधीच न दिसलेला. कधीतरी पान उभं फाटलं होतं, आणि कुणीतरी चिकटवताना उजवा तुकडा एक ओळ वर चिकटवला होता. डावीकडे तेरा, उजवीकडे चौदा. डावीकडे चौदा, उजवीकडे पंधरा. अगदी खालपर्यंत तसंच.

"जुनं पान आहे," मी म्हटलं, "आकडे चुकले असतील." आणि दुसरं पान लावलं.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. एकदा नाही, निदान तीस वेळा बघितलं. लोलोवीरा पंधराव्या ओळीचं होतं. टारीचं. डल्सीच्या आजोबांचं. चौदाव्या ओळीचा खरा उजवा भाग वर सरकला होता, तेराव्याच्या पुढे. तिथं रेघ होती. कारकुनानं त्या पानावर दोनदा रेघ मारली होती. एक सोळाव्यापुढे, ती मी एकवीस वर्षांपूर्वी डल्सीला दिली होती. दुसरी आमची.

एकोणीस दिवस मी कुणाला काही बोलले नाही. माझ्या हातून झालेली पहिली चूक ही चूक होती. हे एकोणीस दिवस म्हणजे चूक नव्हे. रविवारी चर्चनंतर सगळ्यांचं जेवण असतं. डल्सीला तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं, नजरही अधू झाली होती, पण रविवार ती चुकवायची नाही. मी तिला ताटात नारळाच्या दुधातलं चिकन आणि अळकुडी वाढत होते.

"तुझा चेहरा उतरलाय," ती म्हणाली. "दिसत नाही मला, पण आवाजावरून कळतं."

"झोप नाही लागत, आंटी."

"मर्विनच्या कार्यक्रमाची तयारी ना? सप्टेंबरात काय ते?"

सप्टेंबरात लोलोवीराला मर्विनला आणखी वरचा मान मिळायचा होता. असा मान तिथं डुकरं मारूनच देतात, म्हणून ती पाळायला दिली होती, गावानं वर्षभर तयारी चालवली होती. मी डल्सीला म्हटलं, हो, त्याचीच तयारी. आणि कपड्यावर सांडलेला रस्सा पुसायच्या निमित्तानं उठले.

दुसऱ्या दिवशी मी मर्विनकडे गेले. तो मागच्या अंगणात गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता. मी लॅपटॉप पायरीवर ठेवला आणि सगळं दाखवलं. तो तेलकट हात मांडीवर ठेवून बघत राहिला. फिटर माणूस. फाटलेलं, चुकीचं जोडलेलं काय असतं हे त्याला माझ्याहून लवकर कळलं.

"हे आणखी कुणी बघितलंय?"

"एका बाईनं विचारलं होतं. पण तिला कळलं नाही."

"मग झालं तर. बंद कर ते."

"बंद कर म्हणजे? जगात कुणीही बघू शकतं मर्विन, फोनवर."

"कोण बघणारेय? डल्सी आंधळी. तिच्या नोरीनला साधा मेसेज पाठवता येत नाही." त्यानं यंत्राचं पातं उचललं आणि परत खाली ठेवलं. "सप्टेंबर होऊन जाऊ दे. मग काय करायचं ते कर."

"तोवर आंटी राहील का?"

त्यावर तो उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुला नेहमी शहाणपण मिरवायचं असतं. तेव्हाही तूच शहाणी होतीस. गराए सांगत होता टारी, टारी. तूच म्हणालीस, कागदावर वारो आहे. मी विचारलं होतं का तुला गाव? मला नव्हतं हवं. तू आणून दिलंस. माझं पोर मी तिथं पुरलंय, रोवी. ते काय आता उकरून आणू?"

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हणतेयस?"

मी लॅपटॉप उचलला. फाटकापर्यंत गेल्यावर तो मागून म्हणाला, "तू तिला सांगितलंस तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." मी तिथूनच गाडी डल्सीच्या घराकडे घेतली. घरी गेले असते तर पुन्हा गप्प बसले असते, हे मला ठाऊक होतं.

नोरीन, डल्सीची लेक, पन्नाशीची, दवाखान्यात सफाईचं काम करायची. ती नुकतीच आली होती. दोघींसमोर बसून मी सांगितलं. नोरीननं आधी तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावला. डल्सीनं मान माझ्या आवाजाकडे वळवली.

"वाच," ती म्हणाली.

"काय, आंटी?"

"ती ओळ. माझ्या आजोबाची. वाच."

मी वाचलं. "पंधरा. टारी. पुरुष. वय अठरा. बेट ओबा. गाव लोलोवीरा."

"परत वाच."

मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा ती माझ्याबरोबर ओठ हलवत होती. मला वाटलं आता ती माझा हात धरेल. आपण चूक कबूल करतो तेव्हा मनाच्या कोपऱ्यात अशी आशा असतेच.

"एकवीस वर्षं," डल्सी म्हणाली, "तू माझ्या गावात जेवून आलीस आणि मला रेघ दिलीस."

"मला दिसलं नाही, आंटी. फिल्मवर..."

"तेव्हा मी पासष्ट वर्षांची होते. चालत होते. डोंगरसुद्धा चढले असते. माझा भाऊ जिवंत होता, त्याला किती हौस होती. आता मला हे सांगून मी काय करू? आठवड्यातून तीनदा यंत्राला बांधलेली बाई मी. तू कधीपासून जाणतेस?"

मी खोटं बोलू शकले असते. "एकोणीस दिवस झाले."

"म्हणजे काल जेवण वाढलंस तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"जा तू आता," ती म्हणाली. नोरीन मला दारापर्यंत सोडायला आली. तिनं फक्त एवढंच विचारलं की पानाचा फोटो कागदावर काढून मिळेल का, मोठ्या अक्षरांत. मी दुसऱ्या दिवशी तिच्या टपालपेटीत टाकून आले.

मर्विननं हार मानली नाही. तो चारचौघांत म्हणाला, कागद एकदा चुकला तर दुसऱ्यांदाही चुकेल, रक्त काय सांगतं ते बघू. लोलोवीराचा सायलस नावाचा एकजण, गराएचा पुतण्या, ऊस-भाजीच्या हंगामी कामाला इथं येऊन राहिला होता. मर्विननं त्याला गाठलं. त्यानं, मर्विननं आणि डल्सीनं नळीत थुंकून ती पाकिटं डीएनए तपासणीला पाठवली. डल्सीनं का कबूल केलं मला ठाऊक नाही. नोरीन म्हणाली, "आई म्हणते, आता मला कागदावर विश्वासच नाही." आठ आठवडे गेले. निकाल आला तेव्हा सायलस आणि डल्सीचं नातं निघालं, तिसऱ्या-चौथ्या पिढीतलं. सायलस आणि मर्विनचं काहीच नाही. हे मला मर्विननं कळवलं नाही. सायलसनं फोन करून सांगितलं. बिचारा माफी मागत होता, जणू त्याचाच गुन्हा.

गराएला सांगणं माझ्यावर होतं. फोन लागायला तीन दिवस गेले. तो आता सत्तरीचा. मी सगळं सांगितलं तेव्हा पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"आम्ही सांगितलं होतं," तो म्हणाला. "टारी."

"हो. तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"आम्हीही ऐकलं नाही. आम्हाला माणूस परत यायला हवा होता, म्हणून आम्ही आलेल्याला घेतलं." मग म्हणाला, "हे मी एकट्यानं ठरवायचं नाही. गावात बोलतो."

गावानं सहा आठवडे घेतले. त्या दिवसांत मर्विन चर्चला यायचा बंद झाला. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं जायचा. लोक दोन्ही बाजूंनी बोलायचे. कुणी म्हणायचं, रोवीनं जुनं उकरून काढायची गरज काय होती. कुणी म्हणायचं, तिनं मुद्दामच डल्सीला रेघ दिली, आपल्या घराला गाव मिळावं म्हणून. मंगळवारी वाचनालयात दोघं-तिघंच यायला लागले. माझ्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण त्यांनी आपापली पानं माझ्याकडून तपासून घेणं बंद केलं.

निरोप सायलसमार्फत आला. नाव ज्याचं त्याच्या घरी जाईल. ते एका माणसाला दिलेलं नाव नाही, हरवलेल्या माणसाचं आहे, दोघांना देता येत नाही. जमीनही तशीच. वरच्या मानाचा कार्यक्रम होणार नाही. डुकरं ठेवली आहेत, ती डल्सीच्या घरच्या माणसाच्या स्वागताला मारू. केल्विनची कबर आहे तिथंच राहील, तिची देखभाल गाव करील. मर्विननं यावं आणि नाव आपल्या तोंडानं परत करावं.

मला वाटलं तो जाणार नाही. तो गेला. सप्टेंबरात नोरीन लोलोवीराला गेली ती मर्विनबरोबरच, कारण विमानं, ट्रक, वाट, सगळं त्यालाच ठाऊक होतं. डल्सीला डॉक्टरांनी सोडलं नाही. मला कुणी बोलावलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

ऑक्टोबरात एका दुपारी तो माझ्या मागच्या दाराशी उभा होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा. आत आला, खुर्ची ओढून बसला. मी चहा केला. तो आपणहून बोलायला लागला.

"नोरीनला त्यांनी खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेलं. जिथून टारीला उचललं होतं तिथवर. सगळं गाव रडत होतं. माझ्या वेळी असं रडले नव्हते, रोवी. माझ्या वेळी ते आनंदात होते. फरक कळला मला."

"आणि तू?"

"मी नाव परत केलं. गराएनं शिकवलं तसं बोललो. मग जेवणात सगळ्यांना पाणी वाटलं." त्यानं कप फिरवला. "आता ते मला मर्विन म्हणतात. कुणी मागून 'टारी' म्हणून हाक मारली की मी वळायचो, सवयीनं. ते दुसऱ्याच कुणाला असायचं. चार दिवसांत दहा वेळा झालं असेल. पोरं हसायला लागली."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"कबरीवरचं गवत त्यांनी काढलं होतं. स्वच्छ ठेवलंय. गराए म्हणाला, पोरगं इथं दहा वर्षं झोपलंय, तो आमचा झाला." मर्विननं माझ्याकडे पाहिलं. "ते चांगलं बोलले. मलाही ते चांगलं वाटायला हवं. पण केल्विन आता कुणाकडे आहे गं? मी त्याला सांगितलं होतं, तुला तुझ्या माणसांत ठेवतो म्हणून. राखेशी बोललो होतो मी, वेड्यासारखा."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले. त्यानं खांदा काढून घेतला, रागानं नाही, दुखऱ्या जागी हात लागावा तसा.

"आपली ओळ," तो म्हणाला. "तिथं काहीच नाही?"

"रेघ आहे."

"दुसरीकडे कुठे शोधलंस?"

"त्या जहाजानं पाच बेटांवरून माणसं घेतली होती. पाचही बेटांचे मिशनचे कागद बघतेय. अजून काही नाही."

"सापडलं तर मला सांगू नकोस," मर्विन म्हणाला. "पुरी खात्री झाल्याशिवाय. आणि झाली तरी आधी विचार, सांगू का म्हणून."

मी बरं म्हटलं.

डल्सी जानेवारीत गेली. त्याआधी तिचं आणि गराएचं फोनवर बोलणं व्हायचं, नोरीननं सांगितलं. त्याची भाषा तिला येत नव्हती आणि तिची त्याला कामापुरती, पण दर शनिवारी अर्धा तास दोघं बोलायची. माझ्याशी ती शेवटपर्यंत जेवढ्यास तेवढं बोलली. एकदा दवाखान्यात मी तिच्या पायाशी बसले होते, तेव्हा म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं केलंस. पण मी तुला माफ केलं असं समजू नकोस. दोन्ही वेगळं आहे." मी म्हटलं, समजतं मला.

चर्च भरलं होतं. सायलस आणि त्याच्या गावची चार माणसं पुढच्या रांगेत, घरच्यांच्या बाकावर. मर्विन शवपेटी उचलणाऱ्यांत होता, नोरीननं त्याला सांगितलं होतं. मी मागे बसले. दाराशी वाटलेल्या छापील पानावर डल्सीचा तरुणपणचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं: हॅरी टारी यांची नात, गाव लोलोवीरा, अंबाए. ओबा नाही, अंबाए. नोरीननं ते नीट विचारून घेतलं होतं. मी गावाचं नाव अक्षर न् अक्षर तपासलं. मग पुन्हा तपासलं.

सगळं आटोपल्यावर मर्विन बाहेर झाडाखाली उभा होता. "गाडी आणलीयस का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, चालत आले. "चल, सोडतो." वाटेत तो कारखान्याजवळ पेट्रोल भरायला थांबला, मग नदीवरच्या पुलावरून आम्ही घराकडे आलो.